व्हिओलांची सकाळ

सिनेमाचं संगीत वाजवणाऱ्यांची पाठ पडद्याकडे असते. पडदा दिसतो तो फक्त त्यांच्यासमोर उभं राहून हात हलवणाऱ्याला.

नान्दो हल्ली प्रत्येक नर्सला कर्नल म्हणतो आणि सलाम ठोकतो.

पडद्यावरचं कुत्रं भुंकत नसतं. भुंकणं मागाहून चिकटवतात, बहुधा दुसऱ्याच कुत्र्याचं.

मे महिन्यातला मटार कच्चाच खावा असं एर्सिलियाचं म्हणणं. शिजवला की तो कुणाचाही मटार होतो.

ट्रम्पेटवाला रिनाल्दो गेला तेव्हा शवपेटीमागून चालणाऱ्यांनी त्याने वाजवलेली ती गाजलेली चाल शिट्टीवर वाजवली. सगळे मिळून बेसूर.

विनोदावर माणूस लगेच हसतो. सेकंदाला चोवीस चौकटी या सिनेमाच्या हिशेबात सांगायचं तर आठव्या-नवव्या चौकटीला.

फुल्वियो सेर्नेसी उशिरा हसला.

ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. संकलनाच्या त्या खोलीत, जिथे पूर्वी चीजचं गोदाम होतं आणि पावसाळी हवेत अजून भिंती तसा वास सोडतात, तिघेच होते: सिनेमाची दिग्दर्शिका जिनेव्रा, संकलक दुइलिओ आणि तो. पडद्यावर एक बाई दुपारच्या वेळी घराच्या खिडक्यांच्या झडपा खाली ओढत होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, पट्टा धरून, हळूहळू, आणि प्रत्येक झडपेबरोबर घर थोडं अंधारत होतं. शेवटची झडप तिने अर्ध्यावर सोडली आणि ती निघून गेली. बाईच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पण खाली संगीत होतं आणि त्या संगीताने फुल्वियोच्या मानेवरचे केस उभे राहिले. या धंद्यात त्याला उसनं संगीत म्हणतात. नवं लिहून होईपर्यंत चित्र उघडंनागडं दिसू नये म्हणून कुठलं तरी जुनं, तयार संगीत खाली घालून ठेवायचं. मग संगीतकार येतो, ते ऐकतो आणि पहिल्यांदा त्याला शिव्या घालतो. शिव्या घातल्याच पाहिजेत, नाहीतर अपशकुन होतो. फुल्वियोनेही रीत पाळली. "कोण हा हरामखोर?" तो म्हणाला. "चांगलंय. म्हणूनच सांगतो, काढून टाका, नाहीतर मी चाललो घरी." दुइलिओ खुर्चीत मागे रेलला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "त्या हरामखोराला आत्ताच कॉफी पाजली मी, माएस्त्रो. साखर नको म्हणाला." जिनेव्रा खळखळून हसली. "तुम्ही पण ना, माएस्त्रो! क्षणभर मला खरंच वाटलं." फुल्वियोच्या हातात कॉफीचा पेला होता. साखर नसलेला. त्याने पेल्यात पाहिलं, मग दुइलिओकडे, आणि मग तो हसला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या हसण्याआधी, रडण्याआधी किती वेळ थांबायचं ते ठरवलं होतं, आणि आता स्वतःचं हसणं त्याच्या हातून चुकीच्या जागी पडलं.

पुढे जिनेव्रा बरंच बोलली. असंच हवं, पण हेच नको. हे सगळेच दिग्दर्शक म्हणतात आणि त्याला त्यावर कधी राग आला नाही. जणू एखादी बाई शिंप्याला सांगते, माझ्या मेलेल्या बहिणीच्या पोलक्यासारखं शिवा, पण बघून तिची आठवण यायला नको. "शेवटच्या झडपेवर अर्धा सेकंद सोडलाय," ती म्हणाली, "बाकी मार्चमध्ये ठरलं तसंच ठेवलंय." त्याने मान डोलावली. ठरलेल्या गोष्टींवर मान डोलवायची असते. कुठल्या सिनेमातलं हे, एवढंच त्याला विचारायचं होतं आणि तेवढंच विचारता येत नव्हतं. माझं आहे म्हणता, पण माझं कुठलं? असं स्वतःच्या मुलांना मोजताना कुणी विचारत नाही. "फोनवर पाठव मला," तो दुइलिओला म्हणाला, अगदी सहज. "का, पाठ नाही?" दुइलिओ म्हणाला आणि पुन्हा हसला. या वेळी फुल्वियो वेळेवर हसला.

ट्राममध्ये खिडकीशी बसून त्याने ते गुणगुणायचा प्रयत्न केला. जमेना. धरायला काही नव्हतंच. एक संथ हेलकावा, खालच्या स्वरातला, मधेच पुढे येणारा आणि काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा मागे सरणारा. त्याने आपले सिनेमे आठवायला घेतले. दरोडेखोरांचे, वकिलांचे, तो नन्सचा, तो ज्याच्या निर्मात्याने पैशांऐवजी हॅमचा अख्खा पाय पाठवला होता. सगळ्यांच्या चाली आल्या, रांगेत, शहाण्यासारख्या, आणि त्यांत ही नव्हती. मग त्याने स्वतःची परीक्षा घेतली. शेजारणीचं नाव. एर्सिलियाच्या आईचं गाव. ट्रामचा पुढचा थांबा. सगळं बरोबर. पण त्याच्या भावाचं, नान्दोचंही सुरुवातीला सगळं बरोबरच येत असे. नान्दो पहिल्यांदा काय विसरला होता? किल्ल्या नाहीत, नावंही नाहीत. एकदा रविवारी जेवताना त्याने विचारलं होतं, "हा सॉस कुणी केलाय? छान झालाय." आणि तो त्यानेच केला होता, सकाळपासून चुलीपाशी उभं राहून. सगळे हसले होते. फुल्वियो सगळ्यात मोठ्याने. समोरच्या बाकावर एक मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून डोळे मिटून बसली होती आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता. या घडीला तिच्या कानात जे वाजतंय ते कुणीतरी लिहिलंय, फुल्वियोला वाटलं, आणि ज्याने लिहिलंय त्याला ते अजून आठवत असेल.

लहानपणी घरामागे उन्हाळ्यात उघड्यावरचं थिएटर लागत असे, ते दिवस. पडद्याची मागची बाजू त्यांच्या गच्चीकडे होती, पांढरी, कोरी, दोरांनी ताणलेली. तिकीट काढण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. दोघे भाऊ गच्चीत उताणे पडून सिनेमा ऐकत. बोलणं भिंतींवर आपटून फुटायचं, त्याचा एक शब्द कळत नसे, पण संगीत धड यायचं. ते बदललं की नान्दो सांगायचा, "आता तो दारात उभा आहे. आत येत नाहीये." थोड्या वेळाने, "आता तिला कळलं." काय कळलं, हे फुल्वियोने कधी विचारलं नाही. तेव्हा बाल्दोनी नावाच्या बुजुर्गाचं संगीत फुल्वियोचं सगळ्यात लाडकं होतं. सर्कशीच्या एका सिनेमात बाल्दोनीने नुसता एक क्लॅरिनेट धरून ठेवला होता, एकच स्वर, लांब, आणि शेवटी तो स्वर किंचित पिळवटायचा. नान्दो म्हणाला होता, दोरावरचा माणूस खाली बघतोय. पुष्कळ वर्षांनी फुल्वियोने तो सिनेमा पुढून पाहिला. दोरावर कुणी नव्हतं. एक माणूस कोटाच्या खिशात किल्ली शोधत होता. तेव्हा त्याला हसू आलं आणि मागोमाग अंगावर काटा आला, कारण दोन्ही खरं होतं. दोरावरचा माणूस आणि किल्ली शोधणारा माणूस, दोघांच्या पोटात तोच खड्डा पडतो. संगीत चित्राला जाऊन चिकटलं की मेलं, असं तो पुढे विद्यार्थ्यांना सांगायचा. बाई रडतेय, तुम्हीही रडलात, तर बघणाऱ्याने काय करायचं? त्याला जागा ठेवा. माझ्या भावाला जागा ठेवा, असं त्याला म्हणायचं असे. पण वर्गात ते चमत्कारिक वाटलं असतं. आणि तरी त्याचं ज्यावर घर उभं राहिलं ती फेरीबोटीची चाल, रिनाल्दोच्या ट्रम्पेटवरची, ती कुणालाही जागा ठेवणारी नव्हती. ती छातीवर येऊन बसायची. फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याचा तो सिनेमा दोन आठवड्यांत पडला आणि चाल राहिली. बारमध्ये, लग्नात, कॉफीच्या जाहिरातीत, न्हाव्याच्या दुकानात. गेल्या रविवारी ओस्तियाच्या वृद्धाश्रमात नान्दो खिडकीशी बसून तीच शिट्टीवर वाजवत होता, एकही स्वर न चुकता. "ओळखलंस मला?" फुल्वियोने विचारलं. नान्दोने सभ्यपणे मान हलवली, नाही. "मग ही चाल कुणाची?" नान्दोने विचार केला. "सगळ्यांची," तो म्हणाला आणि पुढे वाजवू लागला. याला चाल उरली आणि माणसं गेली, फुल्वियोच्या मनात आलं. माझी माणसं आहेत. चाल गेली. हा रोगसुद्धा दोन भावांत वाटून घेता येतो का? की एकाची सुरुवात नावांपासून आणि दुसऱ्याची स्वरांपासून, आणि शेवटी दोघेही एकाच खिडकीशी, कर्नलला सलाम ठोकत?

चढ चढून घरी येईपर्यंत त्याने ते तीनदा ऐकलं होतं, फोन कानाशी धरून, रस्त्याच्या कडेने, हेरगिरी करणाऱ्यासारखा. ओळख पटत नव्हती. उलट ऐकावं तितकं ते परकं आणि सुंदर होत होतं. कोण होता तो, ज्याला हे जमलं? एकदा त्याला वाटलं की ते दोघे खोटं बोलताहेत. म्हाताऱ्याची गंमत करताहेत, दुसऱ्या कुणाचं तरी त्याच्या गळ्यात घालताहेत. त्या कल्पनेने त्याला इतकं बरं वाटलं की त्याची लाज वाटली.

त्याची बायको एर्सिलिया स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ती पूर्वी व्हिओला वाजवायची. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली, घोगरी बहीण. तिला लग्नात पुढे बसवत नाहीत, पण तिच्यावाचून घर चालत नाही. वर्षानुवर्षं ती स्टुडिओत पडद्याकडे पाठ करून बसली आणि आपण काय वाजवतोय याच्याशी तिने कधी देणंघेणं ठेवलं नाही. चुंबन असो की खून, तिच्या कागदावर तेच काळे ठिपके. फुल्वियोने फोन टेबलावर ठेवला आणि ते लावलं. ती मान वर न करता सोलत राहिली. मग त्याला दिसलं की तिच्या डाव्या हाताची बोटं शेंगेवर दाबली जाताहेत. एक, तीन, दोन, पुन्हा दोन. शेंग न सोलता ती तिच्यावर वाजवत होती.

"इथे," ती म्हणाली. "इथे माझं दुसरं बोट सारखं घसरत होतं त्या दिवशी. आणि आता ऐक, माझ्या शेजारची ओत्ताविया गज उलटा ओढणार. ओढला! बघ. गाढव होती, बिचारी. देव तिचं भलं करो."

"कुठल्या दिवशी?" त्याचा आवाज कोरडा होता.

"कुठल्या म्हणजे? फेरीबोट. तुझी ती जगप्रसिद्ध फेरीबोट."

"फेरीबोटीत हे नाहीये."

"अरे, नाहीये काय! सकाळभर घासलं आम्ही हे. तू वर उभा, तो कसला हिरवा स्वेटर घालून, आणि सारखं सांगत होतास, 'बायांनो, कमी, अजून कमी, तुम्ही इथे नाहीच आहात.' ओत्ताविया मला म्हणाली, नाही आहोत तर पगार कशाचा देतोय हा मेला?"

"मग चाल कुठंय?"

"चाल दुपारी आली," एर्सिलिया म्हणाली. "आम्ही घरी गेल्यावर. तो रिनाल्दो सकाळी कधी डोळे उघडायचा? तुम्ही त्याला जेवल्यावर आणलंत, आमच्या डोक्यावर बसवलंत आणि वाजव म्हणालात. मी ती चाल पहिल्यांदा ऐकली ती कोपऱ्यावरच्या बारमध्ये, रेडिओवर. खाली आपणच वाजवतोय हे मला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचं म्हणून ऐकलं आणि चक्क आवडलं." तिने शेंग फोडली. "हे कुणी केलं? ट्रम्पेट कुणी काढला?"

फुल्वियो खुर्चीत बसला. मग तो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"काय झालं?"

"काही नाही. मला ओळखू आलं नाही गं. माझंच मला ओळखू आलं नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "घाबरलास होय," ती म्हणाली. "तरीच. रविवारी नान्दोकडून आल्यापासून बघतेय, गॅस बंद केलाय की नाही ते दोनदोनदा जाऊन बघतोस. अरे वेड्या, माझ्या बापाने एकदा मिशा काढल्या तर आईने त्याला दारातच उभा केला. कोण पाहिजे, म्हणाली. पंधरा वर्षांचा संसार! मिशा काढल्यावर कोण कुणाला ओळखतं?"

"खरंय."

"खा," ती म्हणाली आणि मूठभर कोवळे दाणे तिने त्याच्यापुढे सरकवले. ते गोड होते.

मग एकदम सगळं सोपं झालं, आणि सोपं झाल्यावर पुन्हा ऐकलं तेव्हा आणखी काहीतरी झालं. त्या व्हिओला त्याने तेव्हा हां हां म्हणता लिहिल्या होत्या, सुतार टेबलाचे पाय करतो तशा. टेबलावर काय मांडायचं आहे तिकडे त्याचं सगळं लक्ष. आणि ते काढून घेतल्यावर उरलं होतं ते हे: कुणाची तरी वाट पाहणारं काहीतरी. जिथे ट्रम्पेट यायचा तिथे व्हिओला बाजूला सरत, वाट देत, आणि त्या वाटेने कुणी येत नसे. झडपा ओढणाऱ्या बाईच्या घरात तीच जागा होती. म्हणून केस उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं, संगीतातही जे असायला हवं ते नव्हतं, आणि बघणारा त्या दोन नाहींच्या मधे एकटा सापडत होता, गच्चीवर उताण्या पडलेल्या पोरासारखा, पांढऱ्या कोऱ्या मागच्या बाजूकडे बघत. आता तो दारात उभा आहे. आत येत नाहीये. इतकी वर्षं तो विद्यार्थ्यांना सांगत आला ते त्याने स्वतः एकदाच, नकळत केलं होतं, आणि दुपारी रिनाल्दोला बोलावून बुजवून टाकलं होतं. याचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला भूक लागली होती, पायात बळ आलं होतं. तो पियानोपाशी गेला, एक हात पट्ट्यांवर ठेवला आणि दुसरा मुद्दाम मांडीवर. नवं कसं लिहायचं ते त्याला कळलं. डाव्या हाताने वाट द्यायची आणि उजव्याने यायचं नाही.

त्याआधी पोरीला शाबासकी दिली पाहिजे. त्याने जिनेव्राला फोन लावला.

"पकडलं तुला!" तो म्हणाला.

"काय झालं, माएस्त्रो?" मागे दुइलिओ कुणाशी तरी पिझ्झ्यावरून हुज्जत घालत होता.

"ट्रम्पेट! काढून टाकलास आणि नुसत्या व्हिओला ठेवल्यास. चोर कुठली! पन्नास वर्षांत हे कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही. कुठून सुचलं तुला?"

पलीकडे शांतता झाली. शांततांमधलं त्याला कळत असे. तो धंदाच होता. एक शांतता श्वास घेण्याची असते, एक शब्द शोधण्याची, एक खोटं बोलण्याआधीची, ती सगळ्यात छोटी. ही त्यांतली कुठलीच नव्हती. एक स्कूटर गेली. दुइलिओने विचारलं, काय गं, आणि मग दुइलिओचा आवाज दबला, म्हणजे तिने फोनवर हात ठेवला. नंतर हात काढला.

"माएस्त्रो," ती म्हणाली. "आवडलं ना तुम्हाला?"

"आवडलं? हेवा वाटला मला!"

"मग झालं तर." ती फार हळू, फार स्वच्छ बोलत होती, रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाशी बोलावं तशी. "एर्सिलियाबाई आहेत ना घरी? उद्या मीच येते तुमच्याकडे. तुम्ही नका येऊ ट्रामने."

"ये, ये. मटार खायला ये."

फोन ठेवून त्याने स्वयंपाकघराकडे पाहून सांगितलं, "गुणी पोर आहे. कौतुक केलं की लाजते." एर्सिलियाने गार पाण्यात दाणे सोडले. पश्चिमेकडची झडप तिने उन्हासाठी अर्ध्यावर ओढून ठेवली होती आणि खालून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पियानोचा फक्त डावा भाग उजळला होता. फुल्वियो बसला आणि हलक्या हाताने वाट देऊ लागला. कमी, अजून कमी. तुम्ही इथे नाहीच आहात.

ट्रम्पेट बंद करून नुसत्या व्हिओला ऐकू या, असं मार्चमध्ये, संकलनाच्या त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून फुल्वियोने सांगितलं होतं.